कडूबाईच्या आवाजाचं कुलूप

कॉम्प्युटरनं रणधीरला ओळख दाखवायचं बंद केलं ते नागपंचमीच्या आदल्या दिवशी, आणि तेही सकाळच्या चहाआधी. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली, तिचा अर्थ एवढाच की चावी जुळत नाही. रणधीरनं कॉम्प्युटर बंद केला, पेनड्राईव्ह उपसला, फुंकला, शर्टाला पुसला, कपाळाला लावला आणि परत खुपसला. पुन्हा तीच ओळ. पुढच्या खेपेला त्यानं चपला काढून प्रयत्न केला, पण कॉम्प्युटरला त्याच्या भक्तिभावाशी काही देणंघेणं नव्हतं.

कळंबला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत रणधीरचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो, लग्नाचा व्हिडिओ, जमलं तर बारसं. एरवी आषाढ-श्रावणात त्याच्याकडं माशासुद्धा फिरकत नाहीत, कॉम्प्युटरही महिनाभर बंदच होता. पण आज दुपारी राजनंदिनी येणार होती, तिच्या आईला घेऊन, आणि तिला नाही म्हणायची सोय नव्हती.

राजनंदिनी भूमची. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं ते रणधीरनंच टिपलं होतं. तिचे वडील आण्णासाहेब पाटील म्हणजे दणदणीत माणूस, मांडवात त्यांचा आवाज लाऊडस्पीकरच्या वर ऐकू यायचा. लेकीला सासरी धाडून महिना होतो न होतो तोच आण्णासाहेब एका सकाळी शेतातच बसले ते उठले नाहीत. आता पहिल्या पंचमीला लेक माहेरी आली होती आणि माहेरात वडील नव्हते. तिनं फोनवर एवढंच विचारलं होतं, "दादा, आण्णा आहेत ना व्हिडिओत?" रणधीरनं छातीला हात लावून सांगितलं होतं, "ताई, भरपूर हायेत."

होते, पण कुलपात. कॅमेऱ्यातली कार्डं पुढच्या लग्नांसाठी कधीच पुसली गेली होती. आण्णासाहेबांचं चालणं-बोलणं आता जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, रणधीरच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यात. आणि डबा म्हणत होता, चावी जुळत नाही.

आता फोटोवाल्याच्या कॉम्प्युटरला एवढं कडेकोट कुलूप कशाला, तर त्यालाही कारण घडलं होतं. दोन वर्षांमागं एका लग्नात नवरदेवाच्या मामानं डोक्यावर परात घेऊन नाच केला होता. वरातीच्या नादात माणूस काय काय करतो, त्यात वाईट काही नाही. पण व्हिडिओ घरच्यांच्या हातात पडायच्या आधीच तो नाच तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचला. मामा चार पाव्हणे घेऊन स्टुडिओत आले. रणधीरचा कॅमेऱ्याचा स्टँड त्या दिवशी मोडला आणि पाठही थोडीफार. व्हिडिओ स्टुडिओतून कुणी उचलला, ते कळलं नाही. तेव्हापासून रणधीरचा सख्ख्या सावलीवरचाही विश्वास उडाला.

मग त्यानं भाच्याला गाठलं. उत्कर्ष पुण्याला मोठ्या कंपनीत लोकांच्या कॉम्प्युटरची राखण करतो. त्यानं मामाच्या मशीनवर लिनक्स नावाची वेगळी प्रणाली चढवली आणि आख्खी डिस्क कुलूपबंद केली. "मामा, आता ही डिस्क कुणी काढून नेली तरी त्याला आत नुसता भुसा दिसंल. सुरू करताना चावी दिली तरच मशीन पुढं सरकणार."

"चावी म्हंजे पासवर्ड?"

"व्हय. लांबलचक ठेवायचा, अन् तोंडपाठ करायचा."

इथं अडलं. रणधीरला स्वतःच्या लग्नाची तारीख सांगायची झाली तरी अल्बम उघडावा लागतो. तेव्हा उत्कर्षनं दुसरी तोड काढली. एक पेनड्राईव्ह, त्यात एक फाईल. मशीन सुरू करताना पेनड्राईव्ह लावला की मशीन ती फाईल वाचतं आणि कुलूप उघडतं. फाईल कसलीही चालते, फोटो म्हणा, गाणं म्हणा. "फक्त ती जशीच्या तशी राहिली पायजे मामा. तिच्यातला कणबी बदलता कामा न्हाय."

रणधीरनं मोबाईल चाळला. त्याच्या मोबाईलला एक खोड होती, येणारा-जाणारा प्रत्येक फोन तो आपोआप रेकॉर्ड करून ठेवायचा. त्यातलंच एक रेकॉर्डिंग रणधीरनं निवडलं. "ह्ये घे. जगात दुसऱ्या कुणाकडं ह्ये असणार न्हाय, लिहून देतो."

उत्कर्षनं कानाला लावून ऐकलं, मग मामाकडं बघितलं. "मामीला सांगितलंय का?"

"तिला कशाला सांगायचं?"

उत्कर्षनं जाताना दोन गोष्टी बजावल्या. एक साधा पासवर्ड जोडीला असू द्या, आणि ह्या फाईलची नक्कल आणखी दोन ठिकाणी ठेवा. पहिलीला रणधीरनं साफ नकार दिला. पासवर्ड माणसाच्या तोंडातून निघतो, चावीला तोंड नसतं, असं त्याचं म्हणणं. मशीन लावताना दिलेला पासवर्डही त्यानं भाच्याला स्वतःच्या डोळ्यांसमोर खोडायला लावला. दुसऱ्या गोष्टीला तो "व्हय, व्हय" म्हणाला आणि संध्याकाळच्या आत विसरला.

पेनड्राईव्हची सोय मात्र त्यानं अगदी रीतसर केली. त्यांच्या घरात सगळ्या किल्ल्या देव्हाऱ्यात असतात. कपाटाची, मोटारसायकलची, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची. ह्या किल्ल्यांना दर मंगळवारी देवीबरोबर हळदकुंकू लागतं. पेनड्राईव्हही चावीच, म्हणून तोही त्या रांगेत जाऊन बसला आणि त्यालाही बोट लागू लागलं.

त्यामुळं त्या सकाळी रणधीरला पहिली शंका आली ती कुंकवाची. त्यानं उत्कर्षला व्हिडिओ कॉल लावला. उत्कर्ष नेमका आईला पंचमीसाठी माहेरी, म्हणजे रणधीरच्याच घरी, सोडायला निघाला होता आणि बार्शीच्या अलीकडं एसटीत होता. रणधीरनं पडदा दाखवतो म्हणून मोबाईल फिरवला तो छताकडं. मग पंख्याकडं. मग स्वतःच्या नाकाकडं.

"मामा, पडदा दाखवा, पडदा."

"त्योच दाखवायलोय की."

एवढ्यात उत्कर्षच्या मागच्या सीटवरून एक टोपी पुढं झुकली. "बॅटरी काढून बसवा म्हणावं." पलीकडच्या बाई म्हणाल्या, आमच्या जावयाचा असाच झाला होता, तांदळात ठेवला. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन दाखवून सांगितलं की ह्याला आम्ही सरळ दोन टपल्या मारतो. रणधीरनं ह्यातलं तांदळाचं सोडून सगळं करून बघितलं. बार्शी आली तेव्हा उत्कर्षनं हात जोडले. "मामा, कशालाबी हात लावू नका. मी येतो."

उत्कर्षनं आईला घरी टेकवलं आणि तसाच स्टुडिओत आला, बरोबर जेवणाचा डबा घेऊन रणधीरची बायको, कडूबाई. हिच्या आधीची तीन भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी दृष्ट लागू नये असं नाव ठेवलेलं. दृष्ट लागायची काय बिशाद होती? कडूबाईचा आवाज वेशीपासून मळ्यापर्यंत मोबाईलशिवाय पोचतो.

"सकाळपासनं पोटात काय न्हाय ह्यांच्या," तिनं डबा टेबलावर आपटला. "त्या डबड्याला नंतर बघा. आदी जेवा."

रणधीरनं डब्याकडं बघितलंही नाही. उत्कर्षनं पेनड्राईव्हच्या तोंडातलं कुंकू टाचणीनं कोरून काढलं. त्यातून बरंच निघालं, पण कुलूप निघालं नाही. मग त्यानं पेनड्राईव्ह आपल्या लॅपटॉपला लावला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"मामा, ह्यात एकच फाईल होती ना?"

"एकच."

"आता दोनशेच्या वर हायेत. ह्यो काय प्रकार? हलगी, देवीची गाणी, लावण्या, पुन्हा हलगी."

रणधीर कडूबाईकडं बघायला लागला. कडूबाई दाराबाहेर बघायला लागली. "बब्रुवान भावजी आलते आषाढात," ती म्हणाली. "वैनी, पेनड्राईव्ह हाय का म्हणाले, ट्रॅक्टरला गाणी पायजेत. म्हणलं ह्ये देव्हाऱ्यात उगंच पडलंय, न्या. चार दिसांनी आणूनबी दिलं की बिचाऱ्यांनी. वर गाणी ऱ्हाऊ दिली, म्हणले दादालाबी होतील."

"अगं ती चावी हाय!"

"मला काय सपान पडतंय? चावीगत दिसती का ती?"

उत्कर्ष तेवढ्यात फायली चाळत खाली खाली गेला आणि "सापडली!" म्हणून ओरडला. जुनी फाईल होती, पण तिच्या नावापुढं कुणीतरी 'उमाशंकर मोबाईल' असं शेपूट जोडलं होतं. त्यानं शेपूट काढून नाव पहिल्यासारखं केलं आणि पेनड्राईव्ह मशीनला लावला. तिघंही पडद्यावर वाकले. चावी जुळत नाही.

"नाव तर बरोबर हाय," उत्कर्ष डोकं खाजवत म्हणाला. "म्हंजे आतलं कायतरी बदललंय. ऐकूनच बघावं लागंल."

"नको!" रणधीर एवढ्या जोरात म्हणाला की उत्कर्षचा हात लॅपटॉपवर आपटला, आणि ज्या बटणावर आपटायला नको होता नेमका त्याच बटणावर.

आधी एक पुरुषी आवाज घुमला, गारुड्यानं खेळ सुरू करावा तसा. "उमाशंकर मोबाईल, येडशी! गाणी भरून मिळतील, कव्हर, चार्जर, रिचार्ज! ऐका हे सुंदर गाणं!" आणि मग ते सुंदर गाणं सुरू झालं.

"अवो, कुटं हाव? गॅसची टाकी आणतो म्हणून गेलाव ते गेलावच! टाकी आणायलाव का गॅस जमिनीतनं उपसायलाव? हिकडं लाकडं वली, चूल पेटंना, डोळ्याचं पाणी खळंना! आन् जेवलाव का न्हाय? न्हायच जेवला असाल! त्या लग्नाच्या लोकांस्नी इचारायला काय झालं? बोला की! बोलतबी न्हाय ह्यो माणूस!"

कडूबाई खुर्चीत सावकाश बसली. रणधीरनं डब्याचं झाकण उघडलं आणि फार भूक लागल्यासारखा भाकरी मोडू लागला.

"ह्यो माझा आवाज," कडूबाई म्हणाली.

"व्हय," उत्कर्ष म्हणाला, कारण मामा बोलण्यासारख्या अवस्थेत नव्हता.

"मी वरडते त्येचं ह्यांनी कुलूप केलंय?"

"मामी, तसं न्हाय. लई मजबूत चावी हाय ती. कुणालाच फोडता येणार न्हाय."

कडूबाईनं ह्या कौतुकाची दखल घेतली नाही. "सतरा वर्सं संसार केला. कवातरी दोन शब्द गोडबी बोलले असंन की मी. त्ये न्हाय घावलं?"

रणधीर खाली बघून म्हणाला, "त्ये तू फोनवर न्हाय बोलत." हे खरं होतं, पण सांगायची ही वेळ नव्हती.

उत्कर्षनं घाईघाईनं कामाचं काढलं. उमाशंकरच्या दुकानात गाणी भरतात तेव्हा दुकानातलं मशीन प्रत्येक गाण्याच्या तोंडाला ही जाहिरात डकवतं आणि गाणी जास्त बसावीत म्हणून सगळी दाबून बारीक करतं. पेनड्राईव्हमध्ये जे होतं तेही त्या चरकात गेलं. माणसाच्या कानाला आवाज तोच, पण कुलपाच्या लेखी ही चावी नव्हेच. बारीक केलेलं परत जसंच्या तसं होत नाही. "मूळची फाईल पायजे. मामा, तुमच्या मोबाईलमधली काढा."

रणधीरची भाकरी तोंडातच राहिली. मोबाईल रोज जागा नाही, जागा नाही म्हणून कटकट करायचा. वैतागून त्यानं सगळी रेकॉर्डिंगं एका दमात पुसून टाकली होती.

"माझी सगळी पुसलाव?" कडूबाई म्हणाली. मगाशी तिचा आवाज चढला होता. आता तो खाली आला आणि रणधीरला त्याचीच जास्त भीती वाटली.

"आन् दोन ठिकाणी ठेवा म्हणालो होतो त्या नकला?" उत्कर्षनं विचारलं, पण मामाचं तोंड बघून पुढं विचारलं नाही.

बब्रुवानला बोलावणं गेलं. बब्रुवान म्हणजे रणधीरचा चुलतभाऊ, कपाळाला बुक्का, स्वभाव मोकळा, पोटात काही राहत नाही. तो हसत आत आला, पण कडूबाईला बघून त्याचं हसू विझलं.

"भावजी, खरं सांगा," कडूबाई म्हणाली. "येडशीला जायच्या आदी तुमी त्ये ऐकलं व्हतं का?"

"काय वैनी?"

"तुमाला म्हायतीय काय."

बब्रुवाननं पंख्याकडं बघितलं, देवीच्या तसबिरीकडं बघितलं, शेवटी दादाकडं बघितलं. "म्या ट्रॅक्टरला लावून बघितलं, रिकामा हाय का भरलेला. तर वैनीच सुरू झाल्या. म्या घाबरून ब्रेक दाबला." तो थांबला. "मग जरा हसू आलं."

"आन् मग?"

"मग काय न्हाय."

"भावजी!"

"मोबाईलमदी उतरवून ग्रुपवर टाकलं," बब्रुवान म्हणाला. "ट्रॅक्टरवाल्यांच्या. पर लगीच पुसलंबी वैनी, देवीची आण! माझ्या मोबाईलमधनंबी पुसलं. मला वाटलं दादाला कळलं तर त्या परातीच्या व्हिडिओसारखं..." इथं त्यानं जीभ चावली.

रणधीर ताडकन उठला. "परातीचा तू टाकलावतास?"

"लई भारी नाच व्हता दादा," बब्रुवान काकुळतीला येऊन म्हणाला.

दोन वर्षं रणधीर सगळ्या गल्लीवर संशय घेत होता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याशी तर बोलणंही बंद होतं. त्याचा हात डब्याच्या झाकणाकडं गेला, पण उत्कर्ष मधे पडला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता. "थांबा, थांबा! भांडणं मागनं. बब्रुवानमामा, ग्रुपवर टाकलं ते येडशीला जायच्या आदी का नंतर?"

"आदी."

"कसं टाकलं? गाणं पाठवतात तसं?"

"आमी गाणी डॉक्युमेंट म्हणूनच टाकतो. न्हायतर आवाज खराब व्हतो."

उत्कर्षनं त्याला मिठीच मारली. आपण मार खायच्या ऐवजी मिठी का खातोय, हे बब्रुवानला कळेना. कुणाच्यातरी मोबाईलमध्ये ती फाईल अजून जशीच्या तशी असणार, असं उत्कर्षचं म्हणणं. मामीचा आवाज उतरवून घेतलेला एक माणूस हवा, बस्स.

बब्रुवाननं एकेकाला फोन लावायला सुरुवात केली, स्पीकरवर, समोर कडूबाई बसलेली. पहिल्यानं सांगितलं, "पुसलं की राव, बायकोनं ऐकलं अन् मलाच हाणलं." दुसरा म्हणाला, "आरं पाठव की परत, लई दिस झालं ऐकून." तिसऱ्याला ते पाठच होतं, त्यानं म्हणून दाखवायला घेतलं. कडूबाईचं तोंड लाल होत चाललं होतं. गावोगावच्या बांधांवर आपला आवाज एवढा फिरून आलाय ह्याची तिला कल्पना नव्हती. आणि कित्येकांनी शेवटी विचारलं, "पर त्येनी टाकी आणली का न्हाय?"

शेवटी नळदुर्गकडचा महालिंगप्पा लागला. सोयाबीन काढायचं मोठं मशीन चालवणारा माणूस, कानडी वळणाचं बोलणं.

"हाय की!" तो म्हणाला. "रोज पहाटं ऐकतो नव्हं. गजर लावलाय त्याचा. मुडदाबी उठून बसतंय बघा. आदी कोंबड्याचा ठेवलावतो, त्यो काढून टाकला."

बब्रुवाननं डोळे मिटून घेतले. उत्कर्षनं फोन हिसकून घेतला आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असं तीनतीनदा समजावून सांगितलं. थोड्या वेळानं फाईल आली. ती महालिंगप्पानं एका मोबाईलवर गजर वाजवून दुसऱ्या मोबाईलवर टिपली होती, मागं म्हैस रेकत होती. पुन्हा फोन, पुन्हा समजावणं. रणधीर दारात उभा राहून रस्ता बघत होता. राजनंदिनीचा फोन येऊन गेला होता, त्या निघाल्या होत्या. काय सांगायचं त्या पोरीला? तुझे वडील भुशात आहेत?

"आली!" उत्कर्ष ओरडला.

त्यानं फाईल पेनड्राईव्हवर घेतली, नाव बदललं, पेनड्राईव्ह मशीनला लावला आणि बटण दाबलं. कडूबाईनं नकळत पदर डोक्यावर घेतला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या, धावतच राहिल्या, आणि मग पडदा निळा झाला. मधोमध रणधीरनं लावलेला तुळजाभवानीचा फोटो उजळला. रणधीरला रडू फुटलं. त्यानं ते लपवलं नाही.

"उघाडलं व्हय माझ्या आवाजानं?" कडूबाईनं विचारलं.

"उघाडलं, मामी."

"मग आता जेवा म्हणावं त्यांस्नी," ती म्हणाली आणि डबा पुढं सरकवला.

राजनंदिनी आणि तिची आई आल्या तेव्हा जेवणं आटोपली होती. राजनंदिनीच्या हातावर पंचमीची मेंदी होती. आई बारीक, अबोल, खुर्चीच्या काठावर बसलेली. कडूबाईनं चहा दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. रणधीरनं व्हिडिओ लावला. त्यानं तो मन लावून जोडला होता. फुलांच्या पाकळ्या पडत होत्या, नवरा-नवरी हळूहळू वळत होते आणि सगळ्यावर सनईचं गोड गाणं वाजत होतं. मांडवातले आण्णासाहेब आले. फेटा, धोतर, हात उंचावून कुणालातरी काहीतरी सांगणारे. तोंड हलत होतं, पण ऐकू येत होती सनई. राजनंदिनी हुंदके देऊ लागली.

आई मात्र पुढं झुकून नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "ते गाणं बंद करता येतंय का? ह्ये काय म्हणायलेत, कळंना झालंय."

रणधीर गडबडला. "काकू, खालचा आवाज तसाच हाय, पर लई गोंधळ हाय त्यात. भांड्यांचा, पोरांचा. आन् आण्णा जरा... वरडायलेत."

"असू द्या," ती म्हणाली.

रणधीरनं सनई बंद केली. मांडव एकदम जागा झाला. पातेली आपटत होती, पोरं किंचाळत होती, आणि त्या सगळ्याच्या वर आण्णासाहेबांचा आवाज, "ओ फोटोवाले! माझे काय फोटो काढायलाव, पोरीचे काढा! आन् जेवलाव का? उपाशी माणसाचा हात हलतो, फोटोबी हलतील! ए, त्यांस्नी वाढा रे कुणीतरी!" मग ते मागं वळले आणि आणखी जोरात गरजले, "अगं ए! साखरेचं पोतं कुटं ठिवलंस? किती येळा इचारायचं? बोलतबी न्हाय ही बाई!"

"कोठीत हाय की," आई पडद्याला म्हणाली. "दाराआड. जरा बघावं मानसानं."

म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. तिनं तोंडावर पदर धरला. राजनंदिनी आईच्या गळ्यात पडली, आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या, कारण पडद्यावर आण्णासाहेब अजून पोतं शोधतच होते.

"एवढंच द्या मला," जाताना आई म्हणाली. "गाण्याचं पोरीला द्या. मला ह्ये वरडण्याचं द्या."

त्या गेल्या. कडूबाईनं कपबशा गोळा केल्या, डबा बांधला आणि कुणाशी काही न बोलता घरी गेली. मघाचा राग अजून निघायचा बाकी होता, असं रणधीरला वाटलं. बब्रुवानही तेवढ्यात सटकला.

उत्कर्ष म्हणाला, "मामा, आता चावी बदलावी लागंल. ही आख्ख्या ट्रॅक्टर संघटनेकडं हाय, ह्याला कुलूप कोण म्हणंल? नवं कायतरी द्या. चांगली आरती देऊ का?"

तेवढ्यात रणधीरचा मोबाईल वाजला. त्यानं बटण दाबलं आणि कानाजवळ नुसताच धरून ठेवला. उत्कर्षलाही सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"अवो, कुटं हाव? नणंद घरात, पंचमीचं पुरण शिजायचं, आन् गॅस गेला! टाकी आणा म्हणून सकाळी सांगितलं व्हतं का न्हाय? आन् त्या माऊली आल्या तर त्यांस्नी जेवा तरी म्हणलाव का? मीच म्हणाया पायजे व्हतं, म्याबी तशीच आले. त्या बाईच्या घरात आता वरडायला कोण हाय सांगा बरं?" आवाज जरा अडखळला आणि पुन्हा चढला. "काय इचारायले मी? बोला की! बोलतबी न्हाय ह्यो माणूस!"

"बोल," रणधीर म्हणाला. "आजून बोल. ऐकायलोय."

मग कडूबाई म्हणाली, "याड लागलंय का?" आणि तिला हसू आलं, ते आवरायच्या आत फोनही कट झाला.

रणधीरनं मोबाईल भाच्यापुढं धरला. "ही घे नवी चावी."

उत्कर्षनं ऐकून बघितलं. "शेवटचं हसू कापू का? आन् मधी आवाज अडखळलाय तेवढंबी काढतो."

"काय काढू नगस," रणधीर म्हणाला आणि टाकी आणायला गाडीची किल्ली उचलली. "कणबी बदलता कामा न्हाय, तूच म्हणालतास."